‘एकवीस’ आणि ‘वीस एक’ : प्राथमिक गणित-अध्यापनामागील शिक्षकाची भूमिका

प्रस्तावना

प्राथमिक शिक्षकाला ‘आपण गणित कसे शिकवता?’ असे विचारले असता उत्तर बहुधा पद्धतींच्या नावांनी मिळते. उद्गामी पद्धत, अवगामी पद्धत, दिग्दर्शन, सराव. मात्र ‘आपल्या मते संख्या म्हणजे काय?’ असे विचारल्यास शिक्षक क्षणभर थांबतो. अध्यापक विद्यालयात हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो आणि सेवेत आल्यावरही विचारला जात नाही. तरीही त्याचे उत्तर प्रत्येक शिक्षकाजवळ असतेच. ते शब्दांत मांडलेले नसते एवढेच. पहिली-दुसरीच्या वर्गात पाठ टाचणापेक्षा हे न मांडलेले उत्तरच अधिक काम करीत असते.

एक साधे उदाहरण पाहू. श्रुतलेखनात शिक्षक ‘एकवीस’ म्हणतात आणि मूल पाटीवर १२ लिहिते. एक शिक्षक त्यावर फुली मारतो आणि एकवीस दहा वेळा लिहावयास सांगतो. दुसरा शिक्षक मुलाला ‘हे वाचून दाखव’ म्हणतो. मूल ‘एक-वीस’ असे फोड करून वाचते, आणि त्याने ऐकलेला शब्द ज्या क्रमाने ऐकला त्याच क्रमाने लिहिला हे उघड होते. पहिल्या शिक्षकाच्या लेखी संख्या ही लक्षात ठेवावयाची आकृती आहे, तर दुसऱ्याच्या लेखी ती मुलाने मनात बांधावयाची रचना आहे. दोघांचेही पाठ टाचण एकसारखे असू शकते. फरक आहे तो भूमिकेत, आणि या फरकामुळेच काही मुले तिसरीत पोहोचण्यापूर्वीच ‘गणितात कच्ची’ ठरतात.

प्रस्तुत लेखात या भूमिकेचा विचार संख्यानामे आणि दशक या दोन गोष्टींच्या आधारे केला आहे. त्यास निमित्त आहे २०१९ साली महाराष्ट्रात झालेल्या एका वादाचे, आणि पार्श्वभूमी आहे उत्तर नागपुरातील जरीपटका परिसराची. मराठ्यांच्या निशाणाचे नाव धारण करणारी ही वस्ती १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी वाढवली. लगतच इंदोऱ्यासारखी मराठी भाषकांची जुनी वस्ती आहे. परिसरात मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. येथील एखादे मूल आजीकडून वीसला ‘वीह’ आणि तीसला ‘टीह’ ऐकते, गल्लीत हिंदीतून मोजते, शाळेत मराठी किंवा इंग्रजी संख्यानामे शिकते. मुलाच्या भाषेतून गणित शिकवावे हे तत्त्व सर्वांना मान्य आहे. पण येथे मुलाची भाषा कोणती, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

२०१९ चा वाद

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाचे, म्हणजेच बालभारतीचे, इयत्ता दुसरीचे नवे गणिताचे पुस्तक २०१९ च्या जूनमध्ये शाळांत आले. त्यात एकवीस ते नव्व्याण्णव या संख्यांचे वाचन ‘वीस एक’, ‘साठ तीन’, ‘नव्वद दोन’ अशा रीतीने करण्याचा पर्याय दिला होता. वृत्तपत्रांतून, दूरदर्शन वाहिन्यांवरून आणि पुढे विधानसभेतही त्यावर बराच गदारोळ झाला. मराठी भाषा मोडीत निघणार, बाजारात व्यवहार कसे व्हावेत, आजी-आजोबांशी नातवंडांनी कोणत्या भाषेत बोलावे, असे आक्षेप घेण्यात आले. विनोदही पुष्कळ झाले. काही विनोद चांगले होते, पण त्या गलबल्यात मूळ शैक्षणिक मुद्दा बाजूला पडला.

बालभारतीच्या गणित विषय समितीच्या अध्यक्ष तेव्हा डॉ. मंगला नारळीकर होत्या. विश्लेषक संख्याशास्त्रात संशोधन केलेल्या या गणितज्ञ विदुषीने मुलांसाठी व सामान्य वाचकांसाठी मराठीतून लेखनही केले. त्यांचे ‘गणितगप्पा’ हे पुस्तक अनेक शिक्षकांच्या परिचयाचे आहे. २०२३ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : मराठी संख्यानामांत एकक आधी व दशक नंतर उच्चारला जातो, लिहिताना मात्र दशक आधी लिहावा लागतो, शिवाय त्र्याण्णव, ब्याऐंशी यांसारख्या शब्दांतील जोडाक्षरे सहा-सात वर्षांच्या मुलांना जड जातात, या दोन अडथळ्यांमुळे मुलांच्या मनात गणिताविषयी जी भीती बसते ती टाळता येण्याजोगी आहे. जुनी नावे रद्द करावीत असा आग्रह त्यात नव्हता. दोन्ही प्रकार मुलांपुढे असावेत, एवढीच ती सूचना होती.

विद्यापीठीय पातळीवर काम केलेल्या गणितज्ञ व्यक्तीने दुसरीतील मुलाची अडचण इतक्या बारकाईने पाहावी ही गोष्ट दुर्मीळ आहे. वादात तिची नोंद फारशी कोणी घेतली नाही.

संख्यानामांची घडण

ही अडचण खरी आहे का, हे पाहण्यासाठी मराठी संख्यानामे जरा जवळून न्याहाळावी लागतात. ‘दोन’ हा एकच अंक घेतला तरी बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी यांत तो ‘बा’, ‘बत्’, ‘बे’, ‘ब्या’ अशी रूपे बदलत जातो. दशकांचीही तीच गत. साठचा ‘सष्ट’ होतो, सत्तरचा ‘हत्तर’ होतो, नव्वदचा ‘ण्णव’ होतो. पन्नास तर बावन्न, पंचावन्न, सत्तावन्न यांत ‘वन्न’ म्हणून येतो आणि त्रेपन्न, चोपन्न, छप्पन्न यांत ‘पन्न’ म्हणून. प्रौढ माणसाला हे जाणवतही नाही, कारण त्याने हे शब्द अखंड पाठ केलेले असतात. मुलाला मात्र प्रत्येक शब्द नवा असतो. इंग्रजीत वीसच्या पुढे नियम समजला की नव्व्याण्णवपर्यंत जाता येते; मराठीत शंभरपर्यंतची बहुतेक नावे स्वतंत्रपणे शिकावी लागतात.

त्यात ‘एकोण’ची भर पडते. संस्कृत ‘एकोन’पासून आलेल्या या शब्दाचा अर्थ ‘एकाने उणे’ असा आहे. एकोणीस म्हणजे वीसला एक कमी, एकोणसाठ म्हणजे साठला एक कमी. ही खरे तर फार सुंदर कल्पना आहे : संख्येचे नाव तिच्या शेजाऱ्यावरून ठेवणे. पण मुलाला ती कोणी उलगडून सांगितली नाही तर ‘एकोणतीस’मध्ये त्याला ‘एक’ आणि ‘तीस’ ऐकू येतात व ते ३१ लिहिते. नव्व्याण्णवपाशी येऊन हा नियमही मोडतो, कारण ‘एकोणशंभर’ आपण म्हणत नाही.

जरीपटक्यासारख्या परिसरात याला आणखी एक पदर आहे. हिंदी व मराठी संख्यानामे एका कुळातील असल्याने एक भाषा येणाऱ्या मुलाला दुसरी आपोआप येईल, असे शिक्षक गृहीत धरतात. ७९ पर्यंत हा समज बऱ्याच अंशी निभावतो, कारण हिंदीतही उनतीस, उनसठ, उन्यासी अशी उणेपणाचीच नावे आहेत. ८९ ला मात्र वाटा फुटतात. मराठीत तो ‘एकोणनव्वद’ म्हणजे नव्वदला एक कमी. हिंदीत ‘नवासी’ म्हणजे ऐंशी आणि नऊ. घरी ‘नवासी’ ऐकणाऱ्या मुलाने ‘एकोणनव्वद’ ऐकून ९१ लिहिले, तर त्याच्या निष्काळजीपणाची तक्रार करण्यापूर्वी शिक्षकाने या दोन शब्दांची घडण पाहिलेली असावी.

येथे जुन्या नावांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगणे न्याय्य ठरेल. एकक आधी उच्चारण्याची परंपरा अडाणीपणातून आलेली नाही. संस्कृत ज्योतिष-ग्रंथांत भूतसंख्यांनी मोठ्या संख्या सांगताना एककापासून प्रारंभ करून डावीकडे जाण्याचा संकेत होता. लेखी आकडेमोडही एककापासूनच सुरू होते. २७ आणि ३५ यांची बेरीज करताना ‘सात आणि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक’ असे म्हणत आपण आधी २ लिहितो आणि मग ६, आणि ‘बासष्ट’ या शब्दातही तोच क्रम आहे. तेव्हा ‘वीस एक’ तर्कशुद्ध आणि ‘एकवीस’ तर्कहीन, अशी वाटणी करता येत नाही. दोन वेगळ्या कामांसाठी दोन वेगळे क्रम सोयीचे आहेत, एवढेच म्हणता येते.

अन्य भाषांचा अनुभव

ही अडचण एकट्या मराठीची नाही. जर्मनमध्येही ‘एक-आणि-वीस’ असाच क्रम आहे. ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांच्या संख्यालेखनाचा जो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात मुलांच्या जवळपास निम्म्या चुका अंकांच्या उलटापालटीशी संबंधित आढळल्या. जर्मनीत दशक आधी उच्चारण्याचा पुरस्कार करणारी एक संस्था २००४ पासून काम करीत आहे. नॉर्वेने तर १९५१ साली अधिकृतरीत्या क्रम बदलला. दूरध्वनी क्रमांक सांगण्यातील घोटाळे हे त्यामागील एक कारण होते. आज तेथील शाळांत नवा क्रम शिकवला जातो, पण बोलण्यात जुना क्रमही ऐकू येतो. वेल्श भाषेत वीस-वीसच्या गटांवर आधारलेली जुनी नावे आणि दशकांवर आधारलेली नवी नावे शेजारी-शेजारी नांदत आहेत, आणि शाळेत गणितासाठी नवी नावे वापरतात. आपल्या शेजारच्या तेलुगू व कन्नड भाषांत तर दशक आधी हाच मूळचा क्रम आहे. नागपुरात तेलुगू भाषक कुटुंबे थोडी नाहीत. ‘वीस एक’ त्यांच्या मुलांना मुळीच विचित्र वाटणार नाही.

चिनी, जपानी व कोरियन भाषांत अकराला ‘दहा-एक’ आणि एकवीसला ‘दोन-दहा-एक’ अशा अर्थाची नावे आहेत. या भाषा बोलणारी पहिलीतील मुले ठोकळ्यांनी संख्या मांडताना अमेरिकन मुलांपेक्षा दहाच्या पट्ट्या अधिक सहजपणे वापरतात, असे १९८० च्या दशकापासूनच्या अभ्यासांत दिसून आले. मात्र त्याचे सर्व श्रेय नावांना देणे घाईचे होईल. त्या देशांतील शाळा वेगळ्या, पालक वेगळे, सरावही वेगळा. नावे वाट सुकर करतात. त्या वाटेने चालण्याचे काम मुलालाच करावे लागते.

दशक : गठ्ठा, अदलाबदल आणि स्थान

२०१९ च्या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे मुलाची अडचण शब्दात आहे. ती शब्दात आहेच, पण शब्दापाशी ती संपत नाही. ‘वीस एक’ म्हणणारे मूलही २१ मधील २ ला ‘दोन’च समजत असेल, तर नाव बदलून फारसे काही साधले नाही.

हे तपासण्याची एक सोपी रीत अमेरिकेतील कामी या अभ्यासकांच्या कामामुळे सर्वपरिचित झाली. मुलापुढे सोळा वस्तू मांडावयाच्या आणि त्याला १६ लिहावयास सांगावयाचे. मग ६ या अंकाभोवती बोट फिरवून ‘हा भाग यातल्या कोणत्या वस्तू दाखवतो?’ असे विचारावयाचे. मूल सहा वस्तू दाखवते. नंतर १ या अंकाबद्दल विचारावयाचे. पुष्कळ मुले एकच वस्तू दाखवतात. उरलेल्या नऊ वस्तूंचे काय, असे विचारल्यावर ती गोंधळतात किंवा त्यांना त्यात वावगे काही वाटतही नाही. ही मुले १६ वाचतात, लिहितात, १५ च्या पुढे व १७ च्या मागे ठेवतात, ‘दशक एक, एकक सहा’ असे तोंडपाठ सांगतात. परीक्षेत त्यांना पूर्ण गुण मिळतात. या प्रयोगाला सोळा चिंचोके आणि पाच मिनिटे एवढेच लागतात, म्हणून कोणत्याही शिक्षकाने तो आपल्या वर्गात करून पाहावा.

दशकाच्या संबोधात वस्तुतः तीन निरनिराळ्या कल्पना आहेत आणि पाठ्यपुस्तकाच्या एकाच पानावर त्या एकत्र येतात. पहिली गठ्ठ्याची. दहा काड्या रबराने बांधल्या की एक गठ्ठा होतो, पण आतल्या दहा काड्या दिसत राहतात व गठ्ठा सोडताही येतो. दुसरी अदलाबदलीची. दहा रुपयांच्या नोटेत एक-एक रुपयाची दहा नाणी दिसत नाहीत. ती तेवढ्या किमतीची आहे हे सर्वांनी मान्य केलेले असते. तिसरी स्थानाची. मणिचौकटीच्या दुसऱ्या तारेवरील मणी पहिल्या तारेवरील मण्यासारखाच दिसतो, त्याची किंमत केवळ जागेमुळे दहा होते. गठ्ठ्याकडून स्थानाकडे जाताना दर पायरीला मुलाच्या डोळ्यांपुढचा आधार कमी होतो आणि मनाने धरावयाचा भाग वाढतो. वर्गात बहुधा असे होते की काड्यांचा गठ्ठा एक दिवस दाखवला जातो, तोही शिक्षकाच्या हातात; दुसऱ्या दिवसापासून ‘द’ आणि ‘ए’ अशी दोन घरे फळ्यावर येतात. मधली पायरी वगळली जाते आणि मुले ती कमतरता पाठांतराने भरून काढतात.

आपली परिभाषाही येथे मुलाला मदत करीत नाही. ‘हातचा एक’ हा शब्दप्रयोग पाहावा. बेरजेत हातचा धरलेला तो एक नसतो, तो दहाचा गठ्ठा असतो. ‘हातचा एक दशक’ असे म्हणावयास किती वेळ लागतो? पण पिढ्यान्‌पिढ्या आपण ‘एक’ म्हणत आलो, आणि तो कोठून आला व कोठे गेला हे न कळता मुले तो डोक्यावर लिहीत आली.

हाताने केलेल्या मोजणीला शिक्षणात स्थान देण्याचा एक मोठा प्रयत्न नागपूरपासून जवळच झाला होता, याचे स्मरण येथे उचित ठरेल. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगाधिष्ठित शिक्षणाची योजना तयार केली. नई तालीमच्या शाळांत सूतकताईशी गणिताचा समवाय साधला जाई. चार फुटांचा एक तार, आणि ६४० तारांची एक गुंडी. रोज १६० तार काढणाऱ्या मुलाला चार दिवसांनी गुंडी पुरी होते हे शिकवावे लागत नसे. येथे दहाचा गट नाही, हे लक्षणीय आहे. सुताचा गट ६४० चा, फळांचा बाराचा, दिवसांचा सातचा. गट किती जणांचा करावयाचा हे माणसे कामाच्या सोयीने ठरवतात आणि दहा ही त्यांतील एक निवड आहे, ही समज अशा अनुभवातून येते. समवायाचा पुढे अनेक ठिकाणी सांगाडा उरला, ओढूनताणून जोडलेली उदाहरणे त्यात शिरली, हेही खरे. पण मोजण्याची गरज असल्याशिवाय मोजणी शिकवू नये, हा त्यातील गाभा आजही टाकाऊ झालेला नाही.

२०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने गणितासाठी अनुभव, भाषा, चित्र आणि चिन्ह हा क्रम सुचवला आहे. हा क्रम नवा नाही, पण त्यात बोलण्याला चित्राच्या व चिन्हाच्या आधी स्थान आहे ही गोष्ट आपल्या वर्गांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. मुलांनी गणिताबद्दल बोलावे अशी अपेक्षा आपण सहसा करीत नाही. गणिताच्या तासाला शांतता असली की वर्ग चांगला चालला आहे, असे समजले जाते.

दुकानातील गणित आणि पाटीवरील गणित

जरीपटक्याच्या बाजारात कापड, किराणा, बेकरीचे पदार्थ यांची असंख्य लहान दुकाने आहेत आणि दुकानदाराचे मूल संध्याकाळी गल्ल्याजवळ बसलेले दिसणे ही काही अपूर्वाई नाही. त्रेसष्ट रुपयांच्या मालासाठी गिऱ्हाइकाने शंभराची नोट दिली, तर अनुभवी दुकानदार तिराहून ओझे उचलल्यासारखे वजाबाकी करीत बसत नाही. तो सात रुपये ठेवून ‘सत्तर’ म्हणतो, वर तीस ठेवून ‘शंभर’ म्हणतो. दशकाची पूर्ण समज या कृतीत आहे. हातचा नाही, उसनवारी नाही, उजवीकडून डावीकडे जाणेही नाही.

ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा १९८५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात अभिजात मानला जातो. विक्री करताना विचारलेले सुमारे ९८ टक्के हिशेब या मुलांनी बरोबर केले. तीच आकडेमोड कागदावर, शाळेतल्यासारखी मांडून दिल्यावर मात्र बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. २०२५ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या १४०० हून अधिक मुलांविषयी असाच निष्कर्ष मांडला, आणि त्याला एक अस्वस्थ करणारी जोडही दिली. बाजारातील मुलांना शाळेची उदाहरणे जमत नव्हती, तसेच केवळ शाळेत जाणाऱ्या मुलांना बाजारातील साधे हिशेब जमत नव्हते. दोन्ही बाजूंना गणित होते, पण मध्ये पूल नव्हता.

पूल बांधणे हे शिक्षकाचे काम आहे, पण त्यासाठी पलीकडच्या तीरावरही गणित आहे हे त्याने आधी मान्य करावयास हवे. दुकानात बसणाऱ्या मुलाची ‘सात आणि तीस’ ही रीत वर्गात मांडू दिली, फळ्यावर १०० − ६३ च्या शेजारी लिहिली आणि दोन्हींची उत्तरे एकच का येतात असे वर्गाला विचारले, तर तो वजाबाकीचा उत्तम पाठ होईल. प्रत्यक्षात ‘ही पद्धत परीक्षेत चालत नाही’ असे सांगून ती बंद केली जाते. मुलाने स्वतःच्या बुद्धीने मिळवलेली गोष्ट शाळेच्या दारातच काढून ठेवावी लागते. हा अनुभव वारंवार आला की गणित म्हणजे दुसऱ्याने ठरवलेले नियम, अशी त्याची खात्री होते. पदवीच्या वर्गातही शेकडेवारीचे सूत्र विचारणारे, पण उत्तर अवास्तव आले तरी न चमकणारे विद्यार्थी आपल्याला भेटतात. त्या सवयीचे मूळ बहुधा येथे आहे.

चुकीमागील तर्क

५२ − २७ = ३५. दुसरी-तिसरीच्या वह्यांत हे उत्तर हमखास सापडते. ‘मोठ्यातून लहान वजा करावयाचे’ हा नियम मुलाने पहिलीत शिक्षकाच्याच तोंडून ऐकला होता. त्याने तो प्रामाणिकपणे पाळला : पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. चूक शिकवण्यात होती, उत्तर मुलाचे होते. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी ३३.७ टक्के मुलांनाच किमान वजाबाकी करता येत होती. हा आकडा पूर्वीच्या फेऱ्यांपेक्षा सुधारलेला आहे हे नमूद करावयास हवे. तथापि, जी मुले अडतात ती नेमकी कशामुळे अडतात हे आकड्यांतून कळत नाही. ते कळण्यासाठी शिक्षकाला त्या मुलाशेजारी बसावे लागते.

अशा मुलाला पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या देऊन ‘यातल्या सत्तावीस मला दे’ म्हटले तर ते आधी दोन गठ्ठे देते, मग दोन काड्या देते, आणि थांबते. आणखी पाच हव्या आहेत, हातात बांधलेले तीन गठ्ठे आहेत. बहुतेक मुले येथे काही न सांगता रबर सोडतात. उरलेल्या दोन गठ्ठे व पाच काड्या मोजून ती पंचवीस म्हणतात आणि मग वहीतल्या पस्तीसकडे पाहतात. त्या वेळी शिक्षकाने बोलू नये. दोन उत्तरांतील विसंगती मुलाला स्वतः जाणवणे आणि ती मिटवण्यासाठी त्याने विचार करणे, यालाच २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या संदर्भात मुलाच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण म्हटले गेले. रिचर्ड स्केम्प यांनी १९७६ साली नियम पाळण्यापुरती समज आणि संबंध कळण्याची समज असा जो भेद केला, तोही अशाच प्रसंगी स्पष्ट दिसतो.

यावर एक रास्त आक्षेप असा येतो की चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात हे शक्य नाही. प्रत्येक मुलाशी, प्रत्येक उदाहरणावर असे बसणे अशक्यच आहे. पण मुलांच्या चुका मुलांइतक्या नसतात. पन्नास वह्यांतील चुका चार-पाच प्रकारांत बसतात, आणि एका मुलाशी झालेले संभाषण त्या प्रकारच्या दहा मुलांना उपयोगी पडते. वेळापेक्षा अधिक अडचण आहे ती साहित्याच्या वापराची. गणित पेट्या शाळांना मिळाल्या, पण हरवेल, मोडेल, तपासणीत कमी भरेल या धास्तीने त्या अनेकदा कपाटातच राहतात. ज्वारीच्या ताटांचे तुकडे, चिंचोके, आइस्क्रीमच्या काड्या यांना ही धास्ती नाही, म्हणून ते अधिक चांगले साहित्य आहे.

पाढ्यांविषयी थोडेसे

या भूमिकेवर ‘मग पाठांतर सोडावयाचे काय?’ असा प्रश्न ज्येष्ठ शिक्षक हमखास विचारतात. तो टाळण्याजोगा नाही. जुन्या उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी होती. साडेतीनचा पाढा म्हणणारी माणसे कालपरवापर्यंत आपल्या घरांत होती. मापे-वजने बदलल्यावर त्यांची गरज कमी झाली, पण त्यांनी मनात अपूर्णांकांची जी ओळख पेरली तिची जागा दुसऱ्या कशाने भरली असे म्हणता येत नाही. पाढ्यांतील लय हेही मोठे बळ आहे. तेव्हा पाठांतर हा शत्रू नव्हे. अट एवढीच की ‘सात अठ्ठे छप्पन्न’ विसरलेल्या मुलाला ‘सात चोक अठ्ठावीस’ची दुप्पट करून तेथे पोहोचता यावे. ज्याला हे येते त्याचा पाढा पाठ असणे उपयोगाचे. ज्याला येत नाही त्याला मधला एक शब्द निसटला की पहिल्यापासून म्हणावे लागते.

संख्यानामांच्या बाबतीतही हेच धोरण व्यवहार्य दिसते. एकवीस हे नाव मुलाला यावयासच हवे; ते त्याच्या भाषेचे, बाजाराचे आणि घराचे नाव आहे. ‘वीस एक’ ही त्या नावाची फोड आहे. शब्दाचा समास सोडवून दाखवावा, तशी ती वर्गात सोडवून दाखवावी, आणि मुलाला गरज उरली नाही की ती आपोआप मागे पडेल. जरीपटक्यातील वर्गात ‘नवासी’ आणि ‘एकोणनव्वद’ दोन्ही फळ्यावर लिहून कोणत्या नावात अधिक आहे व कोणत्यात उणे आहे हे मुलांनाच शोधू द्यावे. घरी वेगळी नावे ऐकणारी मुले यात मागे पडणार नाहीत. उलट दोन नावे ठाऊक असल्यामुळे ती एक पाऊल पुढे असतील.

नोंदवहीतील भाषा

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले आणि शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहाव्यात अशी अपेक्षा ठेवली गेली. शिक्षकाची भूमिका कागदावर उतरण्याची ही खरी जागा होती. पण बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, आणि ‘गणितात रस घेतो’, ‘संख्याज्ञान चांगले आहे’, ‘अधिक सरावाची गरज’ अशी वाक्ये एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत गेली. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानातही मुलांचे स्तर ठरवून ते कळवण्यावर बराच भर राहिला.

अध्यापक विद्यालयांतील छात्राध्यापकांना सराव पाठांच्या जोडीने एक लहान काम देता येईल. आठवड्यातून एकदा, एका मुलाशेजारी दहा मिनिटे बसून त्याने काय केले आणि काय म्हटले तेवढेच लिहावे; अभिप्राय लिहू नये. अशी नोंद काहीशी पुढीलप्रमाणे असेल : ‘एकोणतीस ऐकून ३१ लिहिले. काड्यांनी मांडायला सांगितल्यावर तीन गठ्ठे घेतले, एक काडी शेजारी ठेवली. “उनतीस?” असे विचारताच एक गठ्ठा सोडला, एक काडी काढून बाजूला ठेवली, मोजून पाहिल्या. लिहिलेले पुसले. उद्या एकोणचाळीस विचारणे.’